गौराक्कांच्या ब्लॉगचं आमंत्रण

गौराक्का भेटल्या की 'जेवलीस का' असं विचारत नसत. त्या विचारायच्या, "वाचलं का?"

नळावर भेटू दे, दवाखान्याच्या बाकावर भेटू दे, नाही तर कुणाच्या मयतीहून परत येताना वाटेत भेटू दे, प्रश्न तोच. समोरची बाई घाईघाईनं म्हणायची, "व्हय की अक्का, वाचलं. लई छान लिवलंय." तिथं सोडून द्यावं की नाही? पण गौराक्का थांबायच्या, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "बरं. मग त्यात चूक काय सापडली?" बाई पायाच्या अंगठ्याकडं बघत राहायची. शेवटी शेवटी तर असं झालं, की गल्लीच्या तोंडाशी गौराक्का दिसल्या की बायका पिशवी घेऊन यंत्रमागाच्या शेडकडून लांबचा वळसा घालून जायच्या.

"कमळे," गौराक्का मला म्हणायच्या, "ज्यानं वाचलं त्याला एक तरी चूक दिसतीच. नुसतं छान म्हनतंय त्यो उघडून पन बघत न्हाय."

मी त्यांच्याकडं भाकरी करायला होते. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत घरोघरी काही ना काही चालतं. कुणी टॉवेलला शिलाई मारतं, कुणी विड्या वळतं. गौराक्कांच्या घरात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी व्हायची. मी सकाळी येऊन चुलीपुढं बसायची, ज्वारीच्या पातळ भाकरी थापायची आणि भाजलेल्या भाकरी तव्याच्या कडेला उभ्या करून वाळवायची. गौराक्का पलीकडं शेंगदाणे कुटायच्या. दिवसभर बोलणं त्यांचंच. मला माणसांसमोर बोलायला जमत नाही, लहानपणापासून नाही. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायच्या, "तू गप्प ऱ्हा, मी हाय की."

उंच, हडकुळी बाई. कपाळाला विभूतीचे पट्टे, मिरचीच्या खकाण्यानं कायम लाल झालेले डोळे. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मराठीत बोलता बोलता मध्येच कानडी यायचं. एक शब्द तर सारखाच यायचा: "होगली बिडु." म्हणजे जाऊ दे, सोड. भाकरी करपली, होगली बिडु. गिऱ्हाईक माल न घेता गेलं, होगली बिडु. नवरा गेला तेव्हाही पंधरा दिवसांनी चुलीपुढं बसून, राख सारखी करत त्या हेच म्हणाल्या होत्या. त्यांच्या सासूची ती सवय होती म्हणे, आणि दोन्ही सुनांनी उचललेली.

दोन्ही सुना म्हणजे गौराक्का आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, सुगलाबाई. घर एकच होतं, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. भिंतीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं सुगलाबाई. पलीकडं मुसळाचा आवाज आला की गौराक्कांचा हात थांबायचा. "आज तिनं चटनी घातली," एवढंच म्हणायच्या आणि परत कुटायला लागायच्या. दोघींचं बोलणं बंद होतं.

कारण ऐकलं तर हसू येईल, पण आमच्याकडं हे हसण्यासारखं नसतं. गौराक्कांच्या मुलाचं, महांतेशचं लग्न होतं. आमच्याकडं नुसती पत्रिका देऊन भागत नाही. दारात जायचं, कुंकू लावायचं, हातात अक्षता द्यायच्या आणि तोंडानं 'या' म्हणायचं. त्याला आमंत्रण म्हणतात. गौराक्का सगळ्या सोलापुरात फिरल्या, बार्शीपर्यंत जाऊन आल्या, पण भिंतीपलीकडं गेल्या नाहीत. त्यांना वाटलं, सुगलाबाई घरच्या, घरच्या माणसाला काय अक्षता द्यायच्या? सुगलाबाईंना वाटलं, थोरली जाऊ म्हणून पहिली अक्षत आपली. त्या नवीन लुगडं नेसून दारात वाट बघत बसल्या आणि लग्न लागून गेलं. महांतेशला न्हाऊमाखू घातलेल्या चुलतीनं त्याच्या लग्नाचा मांडव बघितला नाही. त्यानंतर सुगलाबाई गौराक्कांशी बोलल्या नाहीत. इथं मात्र गौराक्कांना होगली बिडु म्हणता आलं नाही.

ब्लॉग काढून दिला तो महांतेशनंच. तो पुण्यात नोकरीला. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "आई, आता मशीनवर चटणी करून पाकिटात विकतात. तुझी हातकुटाची आहे हे लोकांना कळणार कसं? मी ब्लॉग काढून देतो. तू रोज थोडं लिही. आधी आपली माणसं वाचू देत, ओळखीतले, नात्यातले, गल्लीतले. ते दुसऱ्यांना पाठवतात. मग बाहेरचं गिऱ्हाईक येतं."

'गौराक्काची चटणी' असं नाव दिलं. त्यांचा मुसळ धरलेला फोटो टाकला आणि तो परत गेला.

गौराक्का सातवीपर्यंत शिकलेल्या, पण त्या बारीक कळा दाबायला बोटं वळत नव्हती. म्हणून त्या मोबाईलसमोर बोलायच्या आणि मोबाईल लिहून घ्यायचा. त्याला त्यांचं कानडी वळणाचं बोलणं कळायचं नाही. त्या चटणी म्हणायच्या, तो भलतंच काही उमटवायचा. मग त्या मोबाईल माझ्याकडं सरकवायच्या. "कमळे, बघ गं, ह्यानं काय गोंधळ घातलाय." मी चौथी शिकलेली. पिठाचे हात पदराला पुसून, एकेक अक्षर लावत वाचायची आणि जमेल तसं नीट करायची. चूक दाखवली की त्या खूश व्हायच्या. "बघ, तू वाचलीस."

महांतेशला वाटलं होतं आई चटणीचे प्रकार लिहील, भाव लिहील. गौराक्कांनी माणसं लिहिली. मिरच्या निवडायला येणाऱ्या म्हातारीबद्दल लिहिलं. आवाज ऐकून भाकरी भाजली की नाही हे सांगणाऱ्या सासऱ्यांबद्दल लिहिलं. एकदा माझ्याबद्दलही लिहिलं, की ही बोलत नाही पण हिच्या भाकरीला भेग पडत नाही. ते वाचताना मला चुलीत तोंड घालावंसं वाटलं.

लिहून झालं की त्या सगळ्यांना पाठवायच्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, जुन्या गिऱ्हाइकांना. लगेच उत्तरं यायची. जोडलेले हात, फुलं, अंगठे. पहिले काही दिवस गौराक्का हरखून गेल्या. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि कुणीच वाचत नाही हे त्यांना कळलं. किती जणांनी उघडलं याचा आकडा मोबाईलवर दिसायचा. तो वाढलेला बघून एकदा त्यांनी मला हाक मारली आणि मग स्वतःच म्हणाल्या, "ह्यात निम्मं तर आपुनच, न्हाय का? मी उठून बघती, तू उठून बघतीस."

महांतेशला फोनवर विचारलं, "तू तरी वाचतूस का रं?"

"वाचतो की आई. वेळ मिळाला की वाचतो."

"मग सासऱ्यावर लिवलेलं वाचलं? तुझ्या आज्यावर?"

"अगं, सेव्ह करून ठेवलंय."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ठिवलंय म्हनं. लोनचं हाय का ते?"

मग त्यांनी एक युक्ती केली. एका लिखाणाच्या अगदी मध्ये, मिरच्या भाजायच्या वर्णनात, लिहून टाकलं की जो इथपर्यंत वाचेल त्यानं घरी यावं आणि चटणीची पुडी फुकट घेऊन जावी. पुड्या बांधून उंबऱ्याजवळ टोपलीत ठेवल्या. ग्रुपवर फुलं आली, हात आले, 'अक्का, तोंडाला पाणी सुटलं' असंही आलं. दारात कुणी आलं नाही. आठवडाभर टोपली तशीच. एक तेवढा दूरच्या कुठल्या तरी गावच्या अनोळखी बाईचा निरोप आला, 'मी जवळ असते तर पुडी न्यायला आले असते.'

गौराक्का तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "ह्या बाईनं माझं तोंड बघितलं न्हाय, ती वाचतीय. आन् हितं जन्म काढला त्यास्नी सवड न्हाय. कमळे, मग मी हे कुनासाठी लिवतीय?"

मला उत्तर माहीत होतं. मोबाईलवरचं लिखाण नीट करताना ते मी वाचलं होतं.

सगळ्यात मन लावून त्यांनी जे लिहिलं होतं, ते सुगलाबाईंवर होतं. नवी सून म्हणून आल्यावर त्यांना कुटता येत नव्हतं, दाणे बाहेर उडायचे, सासू बोलायची. तेव्हा सुगलाबाईंनी त्यांच्या हातावर स्वतःचा हात ठेवून दगडाच्या उखळात मुसळ उचलायला शिकवलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या चटणीची लोक तारीफ करतात. तो हात माझ्या जाऊबाईंचा आहे. त्यांना मी लग्नाला बोलावलं नाही, कारण मला त्या वेगळ्या वाटल्याच नाहीत. हे त्यांना सांगायचं राहिलं.' हे त्यांनी ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर सुगलाबाईंची सून होती. तिनं फूल पाठवलं. भिंतीपलीकडून काही आलं नाही. आलं कसं असतं? सुगलाबाईंकडं मोबाईल नव्हता, आणि सुनेनं वाचलं असतं तर ना सांगितलं असतं.

एके दिवशी कुटता कुटता गौराक्कांनी मुसळ खाली ठेवलं. "चुकलंच," त्या म्हणाल्या. "मोबाईलवर निरोप टाकला म्हंजे आमंत्रन व्हतंय का? कोन येनार? दारात जाऊन बोलवलं पायजे." आणि उठून तांदूळ घेऊन त्याला हळद-कुंकू लावायला बसल्या.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी चूल पेटवूच दिली नाही. "तू चल. मी विधवा बाई, माझ्या हातचं कुंकू कोन लावून घेनार? सवाष्न पायजे. तू नुसतं कुंकू लाव, बोलायचं काम माझं." मी नाही म्हणाले, पण माझं नाही म्हणणं कुणाला ऐकू येत नाही.

भर उन्हाचे आम्ही घरोघर फिरलो. मी कुंकवाचा करंडा धरून त्यांच्या पाठीमागं. दार उघडलं की मी मान खाली घालून कुंकू लावायची आणि त्या हातात अक्षता ठेवून म्हणायच्या, "आमच्या ब्लॉगला यायचं बरं का. घरच्या सगळ्यास्नी घिऊन."

टॉवेलला शिलाई मारणाऱ्या लक्ष्मम्मानं मशीन थांबवून विचारलं, "जेवन हाय का नुसतं हळदीकुकू?"

"वाचायचं हाय गं."

"पोथी व्हय? येते की." आणि मशीन परत सुरू केलं.

रझिया भाभीकडं कुंकवाचा प्रश्न नव्हता. गौराक्कांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. "क्या गौराक्का, इतने धूप में? किसकी शादी निकाले जी?"

"शादी नही गे, मेरा लिखा हुआ हय."

"आती ना मैं. तुम घर को आके बोले, मैं नै आती क्या?"

सगळी गल्ली झाली. शेवटी सुगलाबाईंचं दार राहिलं. आम्ही उजवीकडच्या घरापासून सुरुवात केली होती, वळसा घालून परत इथं आलो होतो. दार अर्धं उघडं होतं. आत सुगलाबाई पाठमोऱ्या बसून काही तरी निवडत होत्या. गौराक्कांनी वाटीत बघितलं. तळाला थोड्या अक्षता उरल्या होत्या. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हितनंच सुरू करायचं व्हतं की. पहिली तिची. आता ही शेवटची, उरलेली कशी दिऊ?"

मी पहिल्यांदाच आपण होऊन त्यांना काही सुचवलं. "द्या की अक्का. आलोच हाय तर."

"नको. उद्या नव्यानं तांदूळ करती आन् पहिलं तिच्याकडं येती." आणि आम्ही तिथून पुढं गेलो. आत सुगलाबाईंचा हात थांबला होता. माझ्या बांगड्या, आमची कुजबुज, सगळं त्यांना ऐकू गेलं असणार.

तो उद्या आलाच नाही, कारण त्याच संध्याकाळी गल्ली घरी आली.

गौराक्कांना वाटलं होतं, अक्षता घेतल्यावर लोक आपापल्या घरी मोबाईल उघडतील. पण दारात येऊन अक्षता दिल्यावर कुणी घरी बसतं का? बायका काठपदराच्या साड्या नेसून, पदराखाली नारळ, खण घेऊन आल्या. लक्ष्मम्मा आली, तिच्या पाठोपाठ शेजारच्या आल्या, रझिया भाभी गुलाबाचा हार घेऊन आली. पुरुष बाहेर कट्ट्यावर बसून "काय बे, कसला कार्यक्रम हाय?" म्हणत होते. गौराक्का चुलीपुढं जुनेर नेसून बसलेल्या. घरात चहाला दूध नाही.

"कमळे, चुरमुरं भिजव!" एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही चुरमुऱ्यांना फोडणी देऊन घमेलंभर सुशीला केला, भाजलेल्या दाण्यांचं कूट सढळ हातानं घातलं आणि कडक भाकरीच्या तुकड्यांवरच वाढला, कारण एवढ्या ताटल्या कुठल्या?

खाऊन झाल्यावर लक्ष्मम्मा म्हणाली, "हं, आता पोथी काडा."

गौराक्कांनी मोबाईल घेतला. चष्मा पुसला, परत पुसला. मग मोबाईल माझ्याकडं. एवढ्या माणसांत मला वाचणं शक्यच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड बसले. पडदा ओढून घेतला आणि तिथून वाचलं. अडखळत, एकेक शब्द. बाहेर आधी कुजबुज होती, मग ती थांबली. आवाज ऐकून भाकरी ओळखणारे सासरे आले तेव्हा कट्ट्यावरून एक म्हातारा ओरडला, "बरूबर! पन त्यास्नी डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, ते लिवलं न्हाय!"

पडद्याच्या फटीतून मला गौराक्का दिसत होत्या. चूक सांगणारं माणूस भेटलं होतं. लग्नात सुद्धा त्यांचा चेहरा तसा उजळला नसेल. तरी वाचायचं संपलं तेव्हा त्यांनी भिंतीकडं बघितलं.

सकाळी नळावर सुगलाबाई होत्या. घागर भरत, कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "सगळ्या गल्लीला अक्षता. माझ्या दारावरनं वलांडून. मी मेली असं समजूनच चाललेत की." गौराक्का मागंच उभ्या होत्या. रिकामी घागर घेऊन त्या घरी आल्या आणि त्या दिवशी त्यांनी कुटलं नाही.

त्यानंतर दर सोमवारी वाचायचं असं ठरलं. पहिल्या पहिल्या सोमवारी दार भरायचं. मग मालिका लागायची, कुणाच्या मुलांची परीक्षा, कुणाचं पाणी यायची वेळ. हळूहळू चार-पाच बायका उरल्या. त्यातली एक बसल्या बसल्या पेंगायची. गौराक्का म्हणायच्या, "डोळ्यानं वाचलं काय आन् कानानं वाचलं काय. चार जनी हायेत, लई झालं." पण त्यांचा आवाज दमलेला असायचा. सुगलाबाईंकडं जायचं तेवढं राहून जात होतं. आज अंगात कसकस आहे, आज अमावास्या आहे, आज तिच्याकडं पाव्हणे दिसतायत. नव्यानं हळद लावलेले तांदूळ वाटीत वाळून पांढरे पडायचे. त्या ते चिमण्यांना टाकायच्या आणि परत नवे करायच्या.

मग दम लागायला लागला. इतक्या वर्षांचा चुलीचा धूर आणि मिरचीचा खकाणा. डॉक्टरांनी कुटायचं बंद करायला सांगितलं. महांतेश आला आणि म्हणाला, "आई, आता पुण्याला चल. बास झालं." त्यांनी वाद घातला नाही. चुलीला शेणाचा हात फिरवला, मुसळ धुऊन उभं केलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सकाळीच अक्षता केल्या. अगदी मूठभर. "चल," मला म्हणाल्या.

"करंडा घिऊ का?"

"नको. तिला पन कुकू न्हाय, मला पन न्हाय. तू नुसती हुबी ऱ्हा."

दारापासून दारापर्यंत जेमतेम दहा पावलं, पण मध्ये त्या भिंतीला धरून थांबल्या. सुगलाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. गौराक्कांनी वाकून नमस्कार केला, त्यांचा हात ओढून तळव्यावर अक्षता ठेवल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "अक्का, आज माझ्या घरी वाचायचं हाय. दुसऱ्या कुनाला बोलवलं न्हाय. पहिली अक्षत तुमची. या."

सुगलाबाईंनी मूठ मिटली. तोंडानं एवढंच म्हणाल्या, "बघती."

संध्याकाळी आम्ही सतरंजी टाकली. सुशीला केला. गौराक्का भिंतीला टेकून बसल्या, मी आत दाराआड. दिवे लागले. सुशीला गार झाला. मला आतून त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. आणि मग उंबऱ्यावर काठी टेकल्याचा आवाज आला. सुगलाबाई आत आल्या नाहीत, उंबऱ्यातच बसल्या. अंगावर जुनं पण एकदाच नेसून ठेवलेलं दिसणारं हिरवं इरकली लुगडं होतं. घड्यांच्या रेघा उमटलेल्या. ते कुठल्या दिवसासाठी घेतलेलं होतं ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

"वाच," गौराक्का म्हणाल्या.

मी वाचलं. नव्या सुनेला कुटता येत नव्हतं इथून ते 'सांगायचं राहिलं' इथपर्यंत. एकही अक्षर सोडलं नाही.

वाचून संपल्यावर सुगलाबाई म्हणाल्या, "उखळ दगडाचं नव्हतं."

"आं?"

"तू लिवलंय दगडाच्या उखळात शिकवलं म्हून. दगडाचं मागनं आलं. तू आलीस तवा लाकडाचं व्हतं. बाभळीचं. चीर पडली म्हून मामंजींनी चुलीत घातलं. चुकीचं लिवलंयस."

मी पडदा बाजूला केला. गौराक्का रडत होत्या आणि हसत होत्या. "व्हय की," त्या म्हणाल्या. "बाभळीचंच. कमळे, ऐकलीस का? तिनं वाचलं."

सुगलाबाईंनी पुढं ठेवलेला गार सुशीला घेतला, चार घास खाल्ले आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." मग काठी घेऊन गेल्या. बाकी गळाभेट वगैरे काही झाली नाही. आमच्याकडं ती पद्धतही नाही.

मी मोबाईल घेऊन दगडाचं लाकडाचं करायला लागले, तर गौराक्कांनी हात धरला. "करू नको. दुरुस्त केलंस तर तिनं वाचल्याची खून ऱ्हानार न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या. तो जुना मोबाईल माझ्याकडं ठेवून गेल्या. "लिव कायतरी," म्हणाल्या. मी कसली लिहिते? तिथून त्यांनी नवीन काही लिहिलं नाही. फोनवर म्हणायच्या, "हितं खिडकीतनं नुसत्या खिडक्या दिसत्यात. कुनावर लिवू?" पावसाळा संपता संपता त्या गेल्याचा निरोप आला. ग्रुपवरच आला. त्याखाली लगेच जोडलेले हात आले, फुलं आली. तेच हात, तीच फुलं. त्या असत्या तर त्यांनी एकेकाला गाठून विचारलं असतं, "वाचलं का?"

मी आता घरीच भाकरी करून दुकानात देते. निरोप आला त्या दुपारी चूल विझवून तशीच बसले होते, तेव्हा दारात काठी वाजली. सुगलाबाई होत्या. आमच्या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. पण अशा वेळी कुणी आमंत्रणाची वाट बघत नाही. गौराक्कांच्या घराला कुलूप होतं आणि पुणं लांब, जायचं तरी कुठं? उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "ते हाय का तुझ्याकडं? वाच."

मी सवयीनं उठून दाराआड जाऊन बसले आणि वाचायला लागले. दाणे उडाले, सासू बोलली. 'दगडाच्या उखळात' आलं तसं मी थांबले. त्या आता म्हणतील म्हणून वाट बघितली.

"काकू," मी आतूनच म्हणाले, "ते बाभळीचं..."

"होगली बिडु," सुगलाबाई म्हणाल्या. "फुडं वाच."